पाच भाऊ, एक कंपनी आणि पुण्याची पोरं



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरपुढे बसायला घरातून बंदी होती. आता डोळा ठीक आहे. तेव्हा पुन्हा तुमच्या डोक्याला ताप द्यायला हजर!

निमित्त असं झालं, की मागच्या आठवड्यात लासूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा नातू पुण्याला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, हे इथं येणाऱ्या आमच्या नातेवाईकांना ठाऊकच आहे. म्हणाली, "दादा, फ्रान्सची एक मोठी गेमची कंपनी विकणार विकणार म्हणून पोरं किती दिवस झाले बोलू लागलेत. तिचं हापिस पुण्यातबी हाय म्हणं. ती विकली तर तिथल्या लेकरांचं काय? आन् उद्या आपल्या पोराची विकली तर?" त्यात सध्या नातवासाठी स्थळं बघणं चालू आहे. मुलीकडचे पहिलाच प्रश्न विचारतात, कंपनी कुणाची?

आमच्या नातवाची कंपनी ती नव्हे. वेगळी आहे, लहान आहे. पण प्रश्न मला चिकटला. मी गेम कधी खेळलो नाही. इतिहास मात्र आयुष्यभर शिकवला, आणि 'हे कुणाचं?' हा इतिहासातला सगळ्यात जुना प्रश्न. तेव्हा नातवाला दोन रविवार फोनवर पिडलं, त्यानं पाठवलेलं वाचलं, आणि जे समजलं ते इथं मांडतोय.

त्या फ्रेंच कंपनीचं नाव युबिसॉफ्ट. ती गेम बनवते आणि प्रकाशितही करते. प्रकाशित करणं म्हणजे काय हे मला आधी कळेना. नातू म्हणाला, "आजोबा, पुस्तकाचा प्रकाशक कसा? लेखकाला आगाऊ पैसे देतो, छापतो, दुकानात पोचवतो. तसंच." फरक एवढाच की इथं लेखक एकटा नसतो, शेकड्यांनी असतात. आणि पुस्तकाचे हक्क लेखकाच्या घराण्यात राहू शकतात, इथं ते बहुधा कंपनीकडे जातात.

आता कंपनीची जन्मकथा ऐका. ही मला फार आवडली. फ्रान्सच्या पश्चिमेला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथं कारांत्वार नावाचं छोटं गाव. तिथल्या गिलमो कुटुंबाचं शेतकऱ्यांना लागणारा माल विकायचं दुकान होतं. म्हणजे आपल्या गंगापूरच्या बाजारातलं कृषी सेवा केंद्रच म्हणा ना! घरात पाच मुलगे : क्लोद, मिशेल, ईव्ह, जेरार आणि ख्रिश्चन. पोरं मोठी झाली तसा त्यांनी शेतीमालाच्या जोडीला कॉम्प्युटर आणि गेम विकायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की फ्रान्समध्ये जो गेम महाग मिळतो तोच इंग्लंडातून मागवला तर बराच स्वस्त पडतो. मग टपालानं विक्री सुरू केली. आणि १९८६ मध्ये पाचही भावांनी मिळून स्वतःची गेम कंपनी काढली, ती युबिसॉफ्ट. १९९६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, १९९७ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला मोठं केंद्र उघडलं. खताच्या दुकानातून जगभर! आपल्याकडे पाच भाऊ एका बांधावर एकत्र राहिले तरी गाव नवल करतं.

पुढे मिशेलनं मोबाईलवरच्या गेमसाठी गेमलॉफ्ट नावाची वेगळी कंपनी काढली. ईव्ह युबिसॉफ्ट सांभाळत राहिला. आणि इथं आपलं पुणं गोष्टीत येतं. गेमलॉफ्टचं एक केंद्र पुण्यात होतं. २००८ मध्ये ते युबिसॉफ्टनं घेतलं. म्हणजे पुण्यातली पोरं एका भावाच्या घरातून दुसऱ्या भावाच्या घरात गेली. तेव्हा त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसेल. पण आठ वर्षांनी काय झालं ते पुढे सांगतो, मग कळेल की तो किती मोठा योगायोग होता.

कंपनी बाजारात आली की तिचे तुकडे कुणीही विकत घेऊ शकतो. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या बड्या प्रकाशकानं युबिसॉफ्टचे जवळजवळ २० टक्के शेअर परस्पर उचलले. गिलमो बंधूंना हे दारात उभं राहिलेलं संकटच वाटलं. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं पुढची उडी मारली नाही, आणि २०१० मध्ये आपला वाटा विकून टाकला.

दुसरं संकट जास्त मोठं होतं. त्याचं नाव व्हिवेंडी. ही कंपनी मुळात १८५३ मध्ये फ्रान्सच्या शहरांना पाणी पुरवण्यासाठी निघाली. (आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली ते हेच वर्ष.) पाणीवाली कंपनी पुढे सिनेमा, दूरचित्रवाणी, संगीत असं करत करमणुकीच्या धंद्यात आली. तिची सूत्रं होती व्हँसाँ बोलोरे ह्या उद्योगपतीकडे. तो घराणं मूळ ब्रिटनीचंच, कागद गिरणीवाला! म्हणजे भांडण एका अर्थानं एकाच मुलखातल्या दोन घराण्यांचं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये व्हिवेंडीनं युबिसॉफ्ट आणि गेमलॉफ्ट दोन्हींचे शेअर घेतल्याचं जाहीर झालं. मग ती घेतच राहिली. जून २०१६ पर्यंत गेमलॉफ्टचे निम्म्याहून अधिक शेअर तिच्या हातात आले. मिशेलला स्वतः उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं. पुण्याचं ते केंद्र २००८ मध्ये भावाकडे गेलं नसतं, तर त्या दिवशी तेही नव्या मालकाकडे गेलं असतं.

युबिसॉफ्टमध्ये व्हिवेंडी २७ टक्क्यांपर्यंत पोचली. फ्रान्सच्या कायद्यात ३० टक्क्यांची रेघ आहे. ती ओलांडली की उरलेल्या सगळ्यांचे शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव द्यावा लागतो. व्हिवेंडी त्या रेघेच्या अलीकडेच थांबून राहिली, आणि भाऊ इकडून तिकडून पैसा उभा करून आपला वाटा वाढवत राहिले. शेवटी मार्च २०१८ मध्ये व्हिवेंडीनं माघार घेतली. शेअरला ६६ युरो ह्या दरानं आपला सगळा वाटा विकला. एकूण २ अब्ज युरो झाले. काही शेअर भावांनी घेतले, काही कंपनीनं स्वतः, पाच टक्के चीनच्या टेन्सेंट ह्या कंपनीनं.

आणि ३.४ टक्के कुणी घेतले असतील? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडानं! हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हणजे माझ्यासारखाच कुणी निवृत्त मास्तर तिकडे बर्फात बसून पेन्शन खातोय, त्यातले चार पैसे पुण्यातल्या पोरांच्या कामातून यायची सोय झाली. त्या मास्तरला पुणं ठाऊक नाही, पोरांना मास्तर ठाऊक नाही. मालकी म्हणजे आता असं झालंय.

आमच्या भागात मालकीचा दुसरा एक प्रकार आपण पाहिला आहे. सहकारी साखर कारखाना असो की आमची शिक्षकांची पतसंस्था असो, तिथं एका सभासदाला एक मत. शेअर दहा घ्या नाहीतर शंभर, मत एकच. तरीसुद्धा राज्यातले कितीतरी कारखाने कर्जात बुडाले, लिलावात निघाले आणि खासगी मालकांकडे गेले, हेही आपण पाहिलं. मत असून उपयोग झाला नाही, कारण हिशेब कुणी विचारला नाही. कंपनीत तर मतं शेअरच्या मापानं. त्यातही फ्रान्समध्ये एक सवलत आहे, जुन्या भागधारकांना एका शेअरमागे दोन मतं मिळू शकतात. त्यामुळे गिलमो कुटुंबाचं भांडवल साधारण १५ टक्के असलं तरी मतं २० टक्क्यांच्या वर जातात.

सप्टेंबर २०२२ मध्ये टेन्सेंटनं ३० कोटी युरो देऊन भावांच्या घरगुती कंपनीत ४९.९ टक्के वाटा घेतला. मतं मात्र फक्त पाच टक्के. बहिणीला हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "बटाईनं जमीन दिल्यासारखं समज. पिकात जवळजवळ निम्मा वाटा त्याचा, पण सातबारावर नाव आपलंच." तिला लगेच कळलं. मग तिनंच विचारलं, "आन् बटाईवालाच पैशेवाला आसंल तर?"

बहिणीचं शिक्षण सातवीपर्यंत. प्रश्न मात्र वर्मावर होता.

कारण पुढे दिवस फिरले. २०१८ च्या उन्हाळ्यात ज्या शेअरची किंमत १०० युरोंच्या वर गेली होती, तो सप्टेंबर २०२४ मध्ये १० युरोंच्या खाली आला. काही मोठे गेम अपेक्षेइतके खपले नव्हते, एकाची तारीख पुढे ढकलावी लागली होती. लहान भागधारक उघड पत्रं लिहून कंपनी विका म्हणू लागले. ऑक्टोबरात बातमी आली की गिलमो कुटुंब आणि टेन्सेंट मिळून सगळी कंपनीच विकत घेऊन बाजारातून काढून घेण्याचा विचार करत आहेत. बहिणीच्या कानावर गेलं ते हेच.

सगळी विक्री काही झाली नाही. मार्च २०२५ मध्ये वेगळाच तोडगा निघाला. कंपनीचे तीन सर्वांत कमावते गेम म्हणजे असॅसिन्स क्रीड, फार क्राय आणि रेनबो सिक्स. हे तिन्ही एका वेगळ्या उपकंपनीत टाकायचे, आणि त्या उपकंपनीचा सुमारे २५ टक्के वाटा टेन्सेंटला १.१६ अब्ज युरोंना द्यायचा. पुढे तिचं नाव ठेवलं व्हँटेज स्टुडिओज. तिच्या दोन प्रमुखांपैकी एक ईव्हचा मुलगा. त्या वेळी बाजारात सगळ्या युबिसॉफ्टची किंमत दोन अब्ज युरोंच्याही खाली होती. म्हणजे एका भागाच्या पाव वाट्याला आलेली रक्कम घरादाराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त!

हे वाचताना मला आठवला वऱ्हाड. आम्ही मराठवाड्यातले, निजामाच्या राज्यातले. हा धडा मी वर्गात कितीदा शिकवला असेल. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ च्या तहानं (पुन्हा १८५३!) निजामानं कापसाचा, उत्पन्नाचा वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कागदावर मालकी निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये कर्झननं तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतला, तरी मालकी निजामाचीच! १९३६ पासून त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. पदवी होती, मुलूख नव्हता.

तुलना फार ताणत नाही. टेन्सेंटकडे पाव वाटाच आहे, कारभार युबिसॉफ्टकडे आहे, आणि इथं कुणी फौज घेऊन आलेलं नाही. पण कर्जात सापडलेला धनी आधी उत्पन्नाचा मुलूख वेगळा काढतो, ही रीत जुनीच आहे. आणि अशा वेळी त्या मुलखाबाहेर राहिलेल्या गावांना काळजी वाटते, हेही जुनंच. उपकंपनी जाहीर झाली तेव्हा तिच्यात मॉन्ट्रियल, क्वेबेक, शेरब्रुक, सॅग्ने, बार्सिलोना आणि सोफिया इथली मंडळी आहेत असं सांगितलं गेलं. त्या यादीत पुण्याचं नाव नव्हतं.

आता पुण्याच्या कामाबद्दल. ह्या केंद्रानं जस्ट डान्स ह्या नाचाच्या गेमवर बरीच वर्षं काम केलं. वी नावाच्या जुन्या यंत्रासाठी त्याची आवृत्ती थेट २०१९ पर्यंत निघत होती. काम चोख, पण दुसऱ्यानं आखलेलं. सप्टेंबर २०२० मध्ये मात्र मोठी बातमी आली. प्रिन्स ऑफ पर्शिया मालिकेतला २००३ चा गाजलेला 'सँड्स ऑफ टाइम' हा गेम नव्यानं घडवायचं काम पुणे आणि मुंबई ह्या दोन केंद्रांना दिलं आहे. मुंबईचं केंद्र २०१८ मध्ये सुरू झालं होतं.

नातवानं त्या गेमची गोष्ट सांगितली तेव्हा मी चाटच पडलो. इराणचा राजा हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालावर चाल करून येतो, फितूर वजीर त्याला आत घेतो. लुटीत वाळूचं एक प्रचंड घड्याळ आणि एक खंजीर हाती लागतो. त्या खंजिरानं काळ थोडा मागे नेता येतो. महाराजाची मुलगी फरा ही कथेची नायिका. आपल्याकडच्या लुटीपासून सुरू होणारी गोष्ट मूळ घडली मॉन्ट्रियलमध्ये, आणि सतरा वर्षांनी ती पुन्हा सांगायचा मान आपल्या पोरांना मिळाला! नातू तेव्हा कॉलेजात होता. म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी आमच्या होस्टेलवर कुणी झोपलं नाही."

पण पहिली झलक दाखवल्यावर चाहत्यांनी चित्रांवर टीका केली. जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून पुन्हा मॉन्ट्रियलला दिलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं मोठी फेररचना जाहीर करताना सहा गेम रद्द केले, त्यात हाही गेला.

काळ मागे नेणारा खंजीर गोष्टीतच असतो.

इथं मला बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार सापडलं. नातू एकदा दिवाळीला आला होता, तेव्हा त्यानं मोबाईलवर एका गेमच्या शेवटी सरकत जाणारी नावांची यादी दाखवली होती. सिनेमाच्या शेवटी असते तशी. शेकडो नावं, त्यात एक ह्याचं. बहिणीला इंग्रजी वाचता येत नाही. त्यानं नावावर बोट ठेवलं, तसं तिनंही ठेवलं, आणि बोट लागल्यावर यादी थांबली. बराच वेळ ती तशीच बघत बसली होती.

कंपनी विकली गेली तरी ती यादी तशीच राहते. युबिसॉफ्ट उद्या टेन्सेंटची झाली, आणखी कुणाची झाली, तरी निघालेल्या गेममधली नावं पुसली जात नाहीत. पण गेम निघालाच नाही तर? २०२० ते २०२२ मध्ये पुण्या-मुंबईच्या पोरांनी जे रात्रंदिवस काम केलं, त्यातला गेम बाजारात आला नाही. त्याच्या शेवटी सरकणारी नावांची यादी कुणाच्या आईनं पाहिली नाही, पुढेही पाहणार नाही. आणि हे विक्रीमुळे झालेलं नाही. मालक तेच होते, तेच पाच भावांचं घर.

आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर वेरूळ आहे. शाळेची सहल घेऊन कितीदा गेलो. कैलास लेणं कुणी केलं, असा प्रश्न परीक्षेत मीच घालायचो, आणि मुलं उत्तर लिहायची : राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला. मी पूर्ण गुण द्यायचो. डोंगर वरून खाली कोरत आणणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्या उत्तरात नसायचं, मला ठाऊकही नव्हतं. इतिहास मालकांचा लिहिला जातो, ही आमची मास्तरांची जुनी चूक. आताही बघा, ह्या लेखात मीसुद्धा पाच भावांची नावं लिहिली, बोलोरेचं लिहिलं. पुण्यातल्या एकाचंही नाही.

जगात असे सौदे आता वाढलेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरला घेतली. एकेकाळी युबिसॉफ्टच्या दारात उभी राहिलेली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स स्वतःच सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा सरकारी निधी आणि त्याच्या भागीदारांनी ५५ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर झालं. त्यातले सुमारे २० अब्ज कर्जाचे. काल घ्यायला निघालेला आज विकला जातो. तेव्हा 'कंपनी कुणाची' ह्या प्रश्नाचं उत्तर लग्नापुरतंसुद्धा टिकेल की नाही, सांगता येत नाही.

म्हणून बहिणीला मी एवढंच कळवलं : मुलीकडच्यांनी विचारलं तर कंपनीचं नाव सांग, लपवू नको. पण त्यांना म्हणावं, मुलगा काय काम करतो आणि ते काम पूर्ण होऊन लोकांपर्यंत पोचतं का, हेही विचारा. मालक बदलला तरी हातातली कला पोराबरोबर येते. नातवाला वेगळं सांगितलं, की ज्या कामाचं काय करायचं हे दुसरीकडे ठरतं, तिथं एक वही ठेव. काय केलं, कुणाबरोबर केलं, कधी थांबलं, सगळं तारखेसह लिही. गेम निघाला नाही तरी वही राहील. तो हसला. म्हणाला, "आजोबा, कंपनीचे कागद बाहेर लिहिता येत नाहीत, सही करून दिलंय." मी म्हटलं, "गुपितं लिहू नको रे. नावं लिही."

बघू ऐकतो का.

पुण्यात गेमच्या कामात असलेलं तुमच्या घरातलं कुणी असेल, तर त्यालाही हे वाचून दाखवा, आणि माझं कुठं चुकलं असेल तर सांगा. आकडे दोनदा तपासले आहेत, पण डोळा अजून नवा आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.